ठिपका किती, ऊन किती

"सर, तुम्ही म्हणे रोज सूर्य बघता?" परभणीत मला अधूनमधून कुणीतरी असं विचारतं आणि विचारताना गालात हसतं. हसण्याचं कारण उघड आहे. इथे एप्रिल-मेमध्ये सूर्य बघायला वेगळी पदवी लागत नाही. दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि दिसलाच तर रुमालातून फक्त डोळे बाहेर ठेवून चाललेला असतो. मीही हसतो आणि विषय बदलतो. खरं उत्तर असं आहे की, गेल्या सतरा वर्षांत मी कामासाठी म्हणून सूर्याकडे एकदाही पाहिलेलं नाही. मी पाहतो ते आकड्यांचे दोन रकाने. एकात चॅनेलचा, म्हणजे ऊर्जेच्या कप्प्याचा, क्रमांक, दुसऱ्यात त्या चॅनेलमध्ये पडलेले काउंट, म्हणजे नोंदी. ते आकडे सूर्याचे आहेत असं मी बरीच वर्षं समजत होतो.

विषय सांगतो. सूर्यावर डागांच्या आसपास चुंबकीय क्षेत्राला पीळ बसत जातो आणि तो पीळ अचानक सुटला की सौरज्वाला उठते. काही मिनिटांत इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने पळतात, वायू कोटी-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. ज्वालांची वर्गवारी ए, बी, सी, एम, एक्स अशी आहे, आणि प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. सर्वांत दांडगा एक्स वर्ग. तरी एक्स-१ ज्वालेचे क्ष-किरण पृथ्वीपाशी पोचतात ते चौरस मीटरला एका वॉटच्या दहा हजाराव्या भागाइतके. वातावरणाच्या वर एकूण ऊन पडतं चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट. म्हणजे ज्वाला मोठी म्हटली तरी उन्हाच्या एक कोटी छत्तीस लाख भागांतला एक भाग. तोही हवेत शोषला जातो, जमिनीवर पोचतच नाही. १४ मे २०२४ ला एक्स-८.७ वर्गाची ज्वाला उठली. आमच्याकडे त्या दिवशी लोक उन्हाबद्दल बोलत होते, ते नेहमीच्याच.

म्हणून उपकरण अवकाशात पाठवायचं. आणि उपकरण म्हटलं की उपकरणाचा स्वभाव आला. माझं सगळं काम त्या स्वभावाचं आहे.

हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर मामांनी. माझे मामा कृषी विद्यापीठाच्या हवामान वेधशाळेत निरीक्षक होते. तेव्हा ते नुसतं मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं. वसंतराव नाईकांचं नाव २०१३ मध्ये लागलं. उन्हाळ्याच्या सुटीत मी मानवतजवळच्या आमच्या गावाहून मामांकडे राहायला यायचो आणि संध्याकाळी त्यांच्या मागे मागे वेधशाळेच्या कुंपणात शिरायचो. पांढऱ्या झडपांची पेटी, पर्जन्यमापक, बाष्पीभवन मोजायची मोठी परात, आणि एका चौथऱ्यावर काचेचा भरीव गोळा. त्या गोळ्यावर माझा फार जीव. मुठीत मावणार नाही एवढा, नितळ, आणि त्याच्या मागच्या वाटीत निळसर कार्डाची पट्टी सरकवलेली. दिवसभर गोळा ऊन एकवटून कार्डावर पाडतो आणि कार्ड जळत जातं. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकला की जळकी रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. सूर्यास्तानंतर कार्ड काढायचं, नवं घालायचं आणि जुन्यावरची रेघ मोजून वहीत 'सूर्यप्रकाशाचे तास' लिहायचे. कॅम्पबेल नावाच्या माणसाने १८५३ मध्ये ही युक्ती काढली आणि स्टोक्सने १८७९ मध्ये तिला आजचं रूप दिलं, हे मला फार नंतर कळलं.

स्वच्छ दिवशी काम सोपं. एक सलग रेघ, पट्टीवर तास छापलेले, वाचा आणि लिहा. गंमत जूनमध्ये यायची, ढग-ऊन-ढग सुरू झालं की. मग कार्डावर रेघ नसायची, ठिपके असायचे. मी एकदा मोठ्या हुशारीने प्रत्येक ठिपक्याची रुंदी मोजून बेरीज केली आणि मामांना आकडा सांगितला. मामा तंबाखू मळत होते. म्हणाले, "भाच्या, हे ऊन नव्हं. ऊन क्षणभर पडलं, पण जळालेला डाग पाच मिनटाएवढा रुंद. डाग मोजशील तर दिवसभर ऊनच होतं म्हणशील." मग त्यांनी नियम सांगितला: दोन-तीन ठिपके असले तर तासाचा एक दशांश धरायचा, चार ते सहा असले तर दोन दशांश. हा नियम त्यांच्या मनचा नव्हता, जगभरच्या वेधशाळा तो पाळतात. हिवाळ्यात उलटं व्हायचं. पहाटे दव पडून कार्ड दमट झालेलं असायचं आणि कोवळं ऊन पडूनही पट्टीवर काहीच उमटायचं नाही. "ऊन व्हतं. कार्डाला पटलं नाही," मामा म्हणायचे.

मामा फार काटेकोर होते असंही नाही. उन्हाळ्याचं, हिवाळ्याचं आणि मधल्या दिवसांचं अशी तीन वेगळी कार्डं असतात. एका सप्टेंबरात त्यांनी चुकीचं कार्ड दोन दिवस ठेवलं, रेघ कडेबाहेर निघून गेली, आणि घरी जेवणावर तो विषय निघालेला कुणालाच आवडला नाही. पण ठिपका किती आणि ऊन किती हे वेगळं असतं, एवढं त्या कुंपणात माझ्या कानावर पडलं होतं. ते डोक्यात उतरायला मात्र पुढे एक अख्खा शोधनिबंध बुडावा लागला.

नांदेडला विद्यापीठात एम.एस्सी. करून मी २००८ मध्ये पीएच.डी.साठी राज्याबाहेर गेलो. हाती आला तो रेसी या अमेरिकी उपग्रहाचा डेटा. ५ फेब्रुवारी २००२ ला सुटलेला, सौरज्वालांसाठीच बनवलेला, आणि आत नऊ जर्मेनियमचे स्फटिक. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. जर्मेनियम हे नाव जर्मनीवरूनच पडलेलं, तेव्हा होस्टेलातल्या मित्रांना विनोद करायला वर्षभर पुरलं. स्फटिक फिरत्या उपग्रहात यंत्राने थंड ठेवलेले असायचे, शून्याखाली पावणेदोनशे अंशांहूनही खाली. अवकाशातल्या कणांच्या माऱ्याने ते हळूहळू खराब होत. म्हणून २००७ मध्ये पहिल्यांदा त्यांना अवकाशातच काही दिवस ९० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा ताळ्यावर आणलं गेलं. ही गोष्ट मला फार भावली. पापड सादळले की माय ते उन्हात टाकायची, तसं.

आता डिटेक्टर काय करतो ते. भारतीय उपकरणांत सिलिकॉन जास्त, म्हणून सिलिकॉनचंच सांगतो. क्ष-किरणाचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरतो आणि आपली ऊर्जा तिथे सोडतो. त्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन मोकळे होतात. एकेक सुटायला सरासरी ३.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. फोटॉन ५.९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असेल, आम्ही त्याला ५.९ केईव्ही म्हणतो, तर साधारण सोळाशे इलेक्ट्रॉन सुटतात. ते मोजले की फोटॉनची ऊर्जा कळली. पण 'सरासरी' या शब्दात सगळी मेख आहे. कधी सोळाशे पंधरा सुटतील, कधी पंधराशे नव्वद. म्हणून तंतोतंत एकाच ऊर्जेचे हजार फोटॉन पाठवले तरी आलेखात काठी उभी राहत नाही, टेकडी दिसते. निसर्गानेच घातलेली ही मर्यादा. कितीही चांगलं यंत्र करा, सिलिकॉनमध्ये ५.९ केईव्हीला टेकडीची रुंदी १२० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली फारशी जात नाही. चांद्रयान-२ वरच्या आपल्या एक्सएसएम या उपकरणाची १७५ च्या आसपास आहे, आणि ती उत्तम मानली जाते.

टेकडीपर्यंत ठीक होतं. कधी कधी मात्र फोटॉन सिलिकॉनच्या अणूला धडकतो आणि तो अणू स्वतःच १.७४ केईव्हीचा एक छोटा क्ष-किरण सोडतो. तो आतच शोषला गेला तर हिशेब पूर्ण. कडेकडेने बाहेर निसटला तर तेवढी ऊर्जा गेली. मग ५.९ चा फोटॉन ४.१६ चा असल्याची नोंद होते. म्हणजे आलेखावर ४.१६ ला एक छोटी टेकडी, आणि तिथे सूर्याने काहीच पाठवलेलं नसतं. काही फोटॉन पृष्ठभागालगतच्या निर्जीव थरात थोडी ऊर्जा गमावतात. त्यांची डावीकडे लांब शेपटी पडते. कमी ऊर्जेचे फोटॉन खिडकीच्या बेरिलियममध्येच अडतात, फार जास्त ऊर्जेचे सिलिकॉनमधून आरपार निघून जातात. आदित्य-एल१ वर हेलिओस नावाचं उपकरण आहे, ते १५० केईव्हीपर्यंत बघतं. त्यासाठी कॅडमियम टेल्युराइडसारखी जड द्रव्यं वापरली आहेत, आणि त्यांत नकारात्मक भार झटकन पोचतो पण सकारात्मक भार रेंगाळतो, वाटेत अडकतो. त्याची आणखी वेगळी शेपटी.

हे सगळं एका मोठ्या सारणीत लिहून ठेवतात. तिला रिस्पॉन्स मॅट्रिक्स म्हणतात. अमुक ऊर्जेचा फोटॉन आला तर तो कोणकोणत्या चॅनेलमध्ये किती शक्यतेने सापडेल, याचे आकडे. थोडे प्रयोगशाळेत मोजून, थोडे संगणकावर लाखो फोटॉन एकेक करून आभासी स्फटिकात सोडून काढलेले. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही सारणी म्हणजे गिरणी आहे असं सांगतो.

आमच्या गावात एकच गिरणी होती. माय ज्वारीचा डबा देऊन पाठवायची. तुमचं दळण पडण्याआधी पट्ट्यात, सोंडेत, जात्यात आधीच्याचं थोडं पीठ राहिलेलंच असतं. गव्हानंतर नंबर लागला तर आपल्या पिठात थोडा गहू येतो आणि आपली थोडी ज्वारी पुढच्याच्या डब्यात जाते. माय पिठात हात घालूनच सांगायची, आज कुणाच्या मागे दळलं. आता पोरांना प्रश्न असा: तुमच्या हातात फक्त पीठ आहे, डब्यात कोणते दाणे किती होते ते सांगा. सगळ्यांची पहिली उडी एकच असते, गिरणी उलटी फिरवू. गणितात मॅट्रिक्सचा व्यस्त काढता येतो, मग काढा आणि काउंटला गुणा. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. जे उत्तर आलं त्यात एका ऊर्जेला फोटॉन हजारोंनी आणि शेजारच्याच ऊर्जेला उणे हजारोंनी. उणे फोटॉन! काउंटमधली बारीकशी थरथर उलट्या गिरणीत शिरली की वादळ होऊन बाहेर येते.

म्हणून उलटं जायचंच नाही. पुढेच जायचं. अंदाज करायचा: इतके शेर परभणी मोती ज्वारी, इतक्या पायली गहू. ते मिश्रण त्याच गिरणीतून दळायचं आणि हातातल्या पिठाशी ताडून बघायचं. जुळत नसेल तर प्रमाण बदलायचं, पुन्हा दळायचं. सौरज्वालेच्या बाबतीत दाणे म्हणजे अमुक तापमानाचा वायू, तमुक मात्रेत, शिवाय वेगवान इलेक्ट्रॉनांचा एक घाट. संगणक हे दिवसभर करत बसतो. पीठ जुळलं की आनंद. पण दोन वेगळ्या डब्यांचं पीठ हुबेहूब सारखं निघू शकतं, हे डोक्यातून जाऊ द्यायचं नाही. आणि मुळात गिरणीचा स्वभाव चुकीचा लिहिलेला असेल तर जुळलेलं पीठही खोटंच.

माझं नेमकं तेच झालं. २०१० साल असेल. एका मोठ्या ज्वालेचा डेटा मी जुळवत होतो. तप्त वायू आणि वेगवान इलेक्ट्रॉन असा नेहमीचा घाट घातला. बाकी सगळं बसलं, फक्त वीस-बावीस केईव्हीच्या आसपास एक उठाव उरला. मोजलेले काउंट तिथे घाटापेक्षा ठळकपणे जास्त. मी दुसरा, अधिक तापलेला वायू घातला. उठाव सपाट झाला. तापमान आलं तीन कोटी अंशांच्या वर. अशा अतितप्त वायूचे पुरावे साहित्यात आहेतच, त्यामुळे मला ते मुळीच विचित्र वाटलं नाही. उलट नशीब उघडलं असं वाटलं. चार महिने त्यात गेले. चार आकृत्या झाल्या, मसुदा झाला, प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मी अकरा वेळा बदललं. घरी फोनवर सांगून टाकलं की पेपर निघतोय. माय म्हणाली, "पेपरात नाव यायलंय का तुझं?" मी हौ म्हणालो. कुठल्या पेपरात ते समजावत बसलो नाही.

मसुदा माझ्या मार्गदर्शक सरांना दिला. त्यांनी एकच विचारलं, "झडप कधी पडली?"

रेसीमध्ये ज्वाला फार भडकली की डिटेक्टरसमोर ॲल्युमिनियमच्या पातळ झडपा आपोआप येत. आधी पातळ, मग जाड. त्या पडल्याच्या वेळा डेटात नोंदलेल्या असतात. मी माझ्या ज्वालेचा आलेख काढून बसलो. पातळ झडप पडल्यावर उठाव आलेला होता आणि जाड झडप पडताच त्या जागेवरून नाहीसा झालेला होता. काही सेकंदांत. तीन कोटी अंशांचा वायू काही सेकंदांत कुठे जातो? तो निवायला वेळ लागतो. आणि त्याहून सरळ गोष्ट: सूर्याला काय माहीत, आम्ही इकडे झडप लावली म्हणून?

त्या रात्री मी जेवलो नाही, पण ते दुःखाने नव्हे. मेस बंद झाली तरी मी आलेख काढत होतो. उठावाची उंची एका अक्षावर, एकूण काउंटचा दर दुसऱ्यावर. दर दुप्पट झाला की उठाव चौपट होत होता. ही खूण मी पुस्तकात वाचलेली होती, फक्त माझ्या डेटात ओळखली नव्हती. फोटॉन इतक्या दाटीने येत असतात की कधी कधी दोन फोटॉन डिटेक्टरला एकच वाटतात. अकरा अधिक अकरा बावीस. माझ्या आलेखाचं शिखर दहा-अकरा केईव्हीला होतं आणि उठाव वीस-बावीसला. इतकं साधं. दोन फोटॉन एकाच वेळी येण्याची शक्यता दराच्या वर्गाने वाढते, म्हणून दुपटीला चौपट. आम्ही त्याला पाइल-अप म्हणतो. ते दुरुस्त करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, अंदाजे का होईना. मी ती चालूच केली नव्हती.

दोन महिने झाले असतील, सुटीत घरी आलो तेव्हा मामांना हे सांगितलं. त्यांना पाइल-अप समजावायला मला दोन वाक्यंही लागली नाहीत. ते तेव्हा निवृत्त झालेले होते, डोळ्यात मोतीबिंदू. "म्हणजे ठिपके मोजले तू," एवढंच म्हणाले आणि भाकरीला हाक दिली.

त्यानंतर सरांनी मला वर्षभर ज्वाला दिलीच नाही. मॅट्रिक्स कुणी आणि कसं बनवलं ते वाच म्हणाले. मी वाचलं. कुठल्या स्फटिकाला कुठे किती जाडीचा थर आहे, कुठल्या मोजणीत किती त्रुटी आहे, कुणी कुठलं गृहीत धरलंय. या कामाला मान नाही. उपकरणाच्या स्वभावावरचे निबंध नवं काही 'सापडल्याचं' सांगत नाहीत, बातमी होत नाही, आणि मुलाखतीत समितीतला एक तरी जण विचारतोच, यात विज्ञान कुठे आहे? मला विचारलं होतं. मी तेव्हा लांबलचक उत्तर दिलं, नोकरी मिळाली नाही. आता विचारलं तर मी फक्त तो चौपटीचा आलेख पुढे ठेवीन.

या नादात आपल्याकडची उपकरणं मला जास्त जवळची वाटू लागली. ८ मे २००३ ला जीसॅट-२ वरून गेलेलं सॉक्स हे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं. त्याच प्रयोगशाळेचं एक्सएसएम चांद्रयान-२ बरोबर २२ जुलै २०१९ ला सुटलं आणि चंद्राभोवती फिरता फिरता सूर्याकडे बघायला लागलं. लँडर कोसळल्याचं सगळ्यांना आठवतं. ऑर्बिटर काम करत राहिला. एक्सएसएमची अडचण मजेशीर आहे. ते सूर्याच्या मागे वळत नाही. यान चंद्राकडे तोंड करून फिरतं, त्यामुळे सूर्य डिटेक्टरच्या समोरून तिरका तिरका सरकत राहतो. उन्हात धरलेल्या चाळणीची सावली जशी तिरक्या उन्हात बदलते तसं डिटेक्टरचं 'उघडं' क्षेत्रफळ मिनिटामिनिटाला बदलतं. म्हणजे तिथे एक गिरणी नाही, कोनागणिक वेगळी. उड्डाणाआधी जमिनीवर कोन बदलून बदलून हे मोजून ठेवलेलं आहे, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. समोरच्या चाकावर तीन जागा: एक उघडी, एक मोठ्या ज्वालेसाठी बेरिलियमच्या पडद्याची आणि एक ठरावीक किरण सोडणाऱ्या लोह-५५ ची. लोह-५५ मुळे डिटेक्टरला अधूनमधून ५.९ केईव्ही म्हणजे काय ते आठवण करून देता येतं. त्याचंही वय होतं. पावणेतीन वर्षांत तो निम्मा होतो. डिटेक्टर उणे तीस-पस्तीस अंशांवर ठेवावा लागतो, नाहीतर त्याची स्वतःचीच कुरबुर मोजणीत येते. मे महिन्यात आमच्या विभागातल्या पंख्याखाली बसून हा आकडा वाचताना जरा बरं वाटतं.

२०१९-२० मध्ये सूर्य अगदी निवांत होता. एक्सएसएमने त्या काळातल्या ७६ दिवसांत ९८ सूक्ष्मज्वाला पकडल्या, त्याही ए वर्गाच्या खालच्या, आणि डागांच्या जागी नव्हे तर शांत सूर्यावर. इतके थोडे काउंट असताना उपकरणाचा स्वभाव ठाऊक नसता तर कुणाची हिंमत झाली असती? मला त्या निबंधात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच.

आणि एवढं सगळं उपकरणावर लादून सूर्य मोकळा सुटतो असंही नाही. ज्वालेत निघालेले निम्मे क्ष-किरण खाली सूर्याच्या पृष्ठभागाकडे जातात, तिथल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून त्यांतले बरेच परत वर येतात, आणि आपल्याकडे येताना मूळच्यात मिसळतात. तीस-चाळीस केईव्हीला ही भेसळ चांगलीच जाणवते. म्हणजे आधी सूर्याची स्वतःची गिरणी, मग आपली.

२०१५ पासून मी परभणीत पदवीच्या मुलांना शिकवतो. संशोधन उरलेल्या वेळात. रेसी २०१८ मध्ये बंद झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये वातावरणात जळून पडला. मी त्या दिवशी वर्गात कुणाला काही बोललो नाही. पण इस्रोचा डेटा आता 'प्रदान' या संकेतस्थळावरून कुणालाही मिळतो, परभणीतून बसून. ज्वालेच्या फाइली लहान असतात, आणि आमचं नेट तेवढं देतं, लाईट असली तर.

यंदा एका मुलीने प्रकल्पासाठी एक्सएसएमच्या ज्वाला घेतल्या. पूर्णा तालुक्यातली, सकाळच्या पॅसेंजरने येते, डबा बहुधा गाडीतच संपवून टाकते. तिला मी पहिल्या आठवड्यात सूर्याबद्दल काहीच सांगितलं नाही. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतून एक जुनं जळकं कार्ड मिळवलं होतं, ते दिलं आणि म्हटलं, किती तास ऊन होतं ते काढ. तिने ठिपके मोजले. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नियम शोधून आली आणि आकडा कमी करून लिहिला.

गेल्या महिन्यात तिने एक आलेख आणला. ज्वाला सी वर्गाची, तापमान नीट बसलेलं, लोहाची ६.७ केईव्हीची टेकडी जागेवर. पण १.८ केईव्हीपाशी दात पडल्यासारखं काहीतरी. मी बघताच ओळखलं आणि ओळखल्याचं दाखवलं नाही. तिने आधीच शोधून ठेवलेलं होतं. सूर्यातल्या तापलेल्या सिलिकॉनची रेघ १.८६५ केईव्हीला येते. आणि डिटेक्टर सिलिकॉनचाच. त्याची स्वतःची शोषणाची कड १.८४ ला. फरक पंचवीस इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, आणि तिथे यंत्राची टेकडी त्याच्या कितीतरी पट रुंद.

"सर, हे सिलिकॉन वरचं का आपलं?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मॅट्रिक्समध्ये कड एक-दोन चॅनेल सरकली असंल तरी असाच दात पडंल. आणि ज्वालेत सिलिकॉन थोडं जास्त असंल तरी बी." ती थांबली. "पण ज्वाला बदलली तर वरचं बदलंल. आपलं नाही बदलायचं."

मग तिने सहा ज्वाला निवडल्या, दोन बी वर्गाच्या, तीन सी, एक एम, आणि सूर्य वेगवेगळ्या कोनांत असतानाच्या. चारांचं जुळवून झालं. दोघींत दात आहे, एकीत अर्धवट, एकीत नाही म्हणावा असा. उरलेल्या दोघींच्या फाइली काल दुपारी उतरवायला लावल्या, तेवढ्यात लाईट गेली. आज सकाळी पुन्हा लावल्यात.